दुसरी वेलांटी

प्रोफाइल उघडताना केतकीच्या यादीत
'मुद्रितशोधक' हा व्यवसायच सापडेना.
वर-खाली करून दमली बिचारी,
म्हणाली, मावशी, 'कंटेंट' टाकते, चालेल?
चालेल म्हटलं. तेहेतीस वर्षं
दुसऱ्यांच्या वाक्यांत राहिलेली बाई मी,
दारावरची एक पाटी चुकली
तर काय बिघडतं.
पहिल्याच दिवशी एकसष्ट जणांनी अभिनंदन केलं.
त्यांतल्या चौघांनी 'अभीनंदन' केलं.

आता धायरीत, गॅलरीला लागून टेबल.
नारायण पेठेतला छापखाना गेला, तिथे
खुर्च्या तासावर मिळतात, वायफायसकट.
एकदा जाऊन बसले होते,
कटिंग मशीन होतं नेमकी त्या जागी,
तळपायाला ती थरथर लागते का बघायला.
लागली नाही. कॉफी एकशे ऐंशी.

काम फोनवर येतं. यंत्र लिहितं, मी बघते.
एक वाक्य, खाली दोन गोळे: योग्य, अयोग्य.
सात सेकंद. वाक्यामागे चाळीस पैसे.
कुणाचं, कशासाठी, कुठे जाणार,
काही कळत नाही.
पूर्वी लेखक भांडायला तरी यायचे,
जिना चढतानाच ओरडत:
माझा स्वल्पविराम कुणी खाल्ला?

सुपेकर मात्र प्रसिद्ध झाले.
खिळे जुळवणारे आमचे सुपेकर.
नातू व्हिडिओ काढतो, हे चिमट्यात 'ळ' धरून सांगतात,
"मंडळी, हातात उलटा, कागदावर सुलटा."
ऐंशी हजार लोक बघतात.
मीही बघते. अंगठा देत नाही.
हा माणूस मला हसला होता एकदा.

एकोणनव्वद साली. विवाहविधींचं पुस्तक,
पान एकशे बारा. बाबा ससूनमध्ये,
मी गॅली पिशवीत घालून तिथल्याच बाकावर.
'पाणिग्रहण'. पहिली वेलांटी हवी
तिथे दुसरी पडली, आणि माझ्या नजरेतून सुटली.
हात धरायचा होता, पाणी धरलं गेलं.
अकराशे प्रती. सुपेकर म्हणाले,
"चला, नळाचं लग्न लागलं एकदाचं."
शुद्धिपत्र मी स्वतः चिकटवलं, खळ लावून,
साडेसातशे प्रतींत. बाकीच्या गेल्या होत्या.

परवा रात्री, दोनशे चौदावं वाक्य:
पाणीग्रहणानंतर वधूने मागे वळून पाहू नये.

जसंच्या तसं.
त्या साडेतीनशेंतली एखादी प्रत
कुणीतरी काचेवर पालथी घातली असणार,
आणि यंत्राने पाठ केलं,
हुशार मुलं करतात तसं,
बाईंच्या चुकीसकट.

सहा. पाच.
मी मागे वळून बघत होते:
बाक, फिनेलचा वास, बाबांचा सलाईनचा हात
लाकडी पट्टीला बांधून ठेवलेला.
धरला होता का मी तो?
की लाल पेन्सिलच होती हातात?
दोन.
अयोग्य.

सकाळी निरोप: आपलं मत
इतर परीक्षकांशी जुळत नाही.
अचूकता सत्त्याण्णववरून चौऱ्याण्णव.
भांडायला जावं, तर जिना नाही.

आज तेच वाक्य पुन्हा आलं.
गोळ्यांना हात लावला नाही.
तर्जनी ठेवली त्या वेलांटीवर
आणि ओढून नेली, सवयीने,
उजवीकडची डावीकडे,
जशी कागदावर नेत असे.

फोनला वाटलं, मला पुढचं हवंय.
त्याने पुढचं दिलं.